छातीत दुखतंय? गॅस असेल!

बरेच विकांत हा विषय डोक्यात घोळतोय. लिहायचं टाळत होतो, कारण लिहायचं तर सुरुवात आमच्या घरापासून करावी लागणार, आणि त्या गोष्टीत मी काही फार शहाणा दिसत नाही. असो. आज बसलोच आहे तर लिहून टाकतो.

काही वर्षांपूर्वी सांगलीला आमच्या घरची एक मुंज होती. मसालेभात, अळूची भाजी, जिलबी, मठ्ठा. पंगत उठली आणि दुपारी दोनच्या सुमारास धाकटे काका मांडवाच्या कडेला खुर्ची ओढून बसले. मला म्हणाले, "छातीत जरा कोंडल्यासारखं होतंय रे." झालं! कार्यालयात जमलेले सगळे नातेवाईक एका क्षणात वैद्य झाले. आत्याने ओवा आणि सैंधव आणलं. मामांनी वज्रासनात बसायला सांगितलं. कोणीतरी "जिलब्या किती हाणल्या ते विचारा आधी" म्हणालं आणि सगळे हसले, काकाही हसले. मी धावत कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो आणि इनो घेऊन आलो. काकांनी फसफसतं पाणी एका दमात संपवलं, एक दणदणीत ढेकर दिली आणि म्हणाले, "आता बरं वाटतंय." मला अगदी प्रॉडक्शनमधला बग सोडवल्याचा आनंद झाला.

पाच वाजता काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि दचकल्या. "अहो, सदरा ओलाचिंब झालाय तुमचा! आणि हात किती गार!" मग धावपळ. इस्पितळात ईसीजी काढला, डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला आणि आम्हाला विचारलं, "दुखायला कधी लागलं?" दोन वाजता. "मग इतका वेळ काय करत होतात?"

काका वाचले. अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला. पण हृदयाचा एक भाग कायमचा दुबळा झाला. जो माणूस रोज सकाळी पर्वती चढायचा तो आता पहिल्या वीस पायऱ्यांनंतर कठड्यावर बसतो. मी त्यांच्यासोबत जातो तेव्हा मीही बसतो, आणि दर वेळी मला ते इनोचं पाकीट आठवतं.

त्यानंतर मी या विषयावर वाचत सुटलो. मला जाणून घ्यायचं होतं की इतकी साधी चूक आम्ही केलीच कशी. वाचता वाचता कळलं की ही चूक किमान अडीचशे वर्षं जुनी आहे आणि ती करणाऱ्यांत फार मोठमोठी माणसं आहेत. आमचं नाव त्या यादीत तळाला कुठेतरी.

सुरुवात लंडनमध्ये होते. २१ जुलै १७६८ रोजी विल्यम हेबर्डन नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये एक छोटा निबंध वाचला. तो छापून आला १७७२ मध्ये. त्यात त्यांनी सांगितलं की काही माणसांना चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर, छातीत एक विलक्षण कळ येते. ती अशी असते की आणखी थोडी वाढली तर आता जीवच जाईल असं वाटतं. माणूस थांबला की कळ थांबते. कधी ती डाव्या हातात उतरते. बघा, हे लिहिताना त्यांच्याकडे ना ईसीजी होता ना स्टेथोस्कोप (तो १८१६ चा). होते फक्त कान, आणि रुग्णाचं बोलणं मध्येच न तोडण्याची सवय. आजही हृदयविकाराचा डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतो: चालताना दुखतं का? थांबल्यावर थांबतं का?

या दुखण्याला त्यांनी नाव दिलं 'अँजायना पेक्टोरिस'. अँजायना म्हणजे गळा आवळला जाणे, पेक्टोरिस म्हणजे छातीचे. या लॅटिन शब्दाच्या मुळाशी जो धातू आहे, त्याच कुळातला आपला वैदिक 'अंहस्' हा शब्द, म्हणजे संकट, कोंडी. काका 'दुखतंय' म्हणालेच नव्हते, 'कोंडल्यासारखं' म्हणाले होते. हेबर्डनना मराठी येत असतं तर त्यांनी तिथल्या तिथे कान टवकारले असते.

गंमत म्हणजे हे सगळं हृदयाचं दुखणं आहे हे हेबर्डनना पटलं नव्हतं. कळ येते तेव्हा नाडी नीट चालते, मग हृदयाचा काय संबंध, असा त्यांचा तर्क.

निबंध छापून आल्यावर त्यांना एक निनावी पत्र आलं. पन्नाशीतला एक गृहस्थ लिहीत होता की तुम्ही वर्णन केलेलं सगळं मला होतं. मी अचानक मेलो तर माझं शरीर उघडून बघा, म्हणजे इतरांना उपयोग होईल. तीन आठवड्यांच्या आत तो खरोखरच गेला. शवविच्छेदन केलं त्या काळातले लंडनचे सर्वांत नामांकित शल्यविशारद जॉन हंटर यांनी. त्यांना मृत्यूचं ठोस कारण काही सापडलं नाही. का? त्यांच्या एका शिष्याने नंतर लिहून ठेवलं की त्या दिवशी हृदयाला रक्त पुरवणाऱ्या करोनरी धमन्या कोणी तपासल्याच नाहीत, असं तो जवळजवळ खात्रीने सांगू शकतो. सगळे लॉग वाचले, पण ज्या फाईलमध्ये एरर होती तेवढीच उघडली नाही. माझ्या हापिसात हे दर महिन्याला घडतं.

तो शिष्य म्हणजे एडवर्ड जेन्नर. हो, तोच, देवीच्या लसीवाला. पुढे एका मृताचं हृदय कापताना त्याच्या सुरीला काहीतरी कडक, खरखरीत लागलं. त्याने चटकन वर बघितलं. छत जुनं होतं, त्याला वाटलं गिलाव्याचा तुकडा पडला असावा. पण तो गिलावा नव्हता, करोनरी धमनीच हाडासारखी कडक झाली होती. म्हणजे अँजायनाचं मूळ जेन्नरच्या हाती लागलं होतं. तरी तो जाहीरपणे काही बोलला नाही, कारण तोवर त्याच्या लाडक्या गुरूला, हंटरलाच, तीच लक्षणं दिसू लागली होती. तुमच्या दुखण्यावर इलाज नाही हे छापून कसं सांगायचं? त्याचा मित्र केलेब पॅरी याने हे सगळं पुस्तकात मांडलं ते १७९९ मध्ये, हंटर गेल्यानंतर.

आणि या हंटरसाहेबांचा पहिला झटका कसा होता? १७७३ च्या वसंतात त्यांना अचानक दुखू लागलं, आणि त्यांना ते दुखणं जठराच्या टोकाशी जाणवलं. आरशात बघितलं तर चेहरा मेलेल्या माणसासारखा पांढरा. नाडी लागेना. त्यावर घेतलं काय, तर मद्य, ब्रँडी आणि आलं. पाऊण तासाने कळ ओसरली. (आलं! आमच्या आत्याला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बघ, मी ओवा दिला होता, आलं नाही.") पुढची वीस वर्षं हंटर सांगत राहिले की जो कोणी मला चिडवेल त्या हलकटाच्या हातात माझा जीव आहे. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी सेंट जॉर्ज इस्पितळाच्या बैठकीत वाद झाला, ते उठून शेजारच्या खोलीत गेले आणि तिथेच कोसळले. मीटिंगमध्ये माणूस मरू शकतो याचा हा ऐतिहासिक पुरावा, व्यवस्थापकांनी नोंद घ्यावी :)

शंभर वर्षं पुढे जाऊ. १९१२ साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी एक लेख लिहिला. करोनरी धमनी अचानक बंद झाली की माणूस तत्काळ मरतो अशी तोवर समजूत होती. हेरिक म्हणाले, तसं नाही, तो काही तास, काही दिवस जगू शकतो, कधी बरासुद्धा होऊ शकतो. त्यांचा महत्त्वाचा रुग्ण होता ५५ वर्षांचा एक गृहस्थ. जेवल्यानंतर तासाभराने त्याच्या छातीच्या खालच्या भागात जबरदस्त दुखू लागलं, मळमळलं. खाल्लेलं बाधलं असं समजून त्याने घशात बोटं घालून उलटी काढली. दुखणं थांबलं नाही. तो ५२ तास जगला. हेरिकचा हा लेख सुरुवातीला कोणी फारसा मनावर घेतला नाही. आज आपण ज्याला हार्ट अटॅक म्हणतो त्याची ओळख डॉक्टरांना खऱ्या अर्थाने या लेखापासून झाली.

आता २४ सप्टेंबर १९५५. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर डेन्व्हरला सासुरवाडीच्या घरी होते. आदल्या दिवशी गोल्फ खेळले, दुपारी कांदा घातलेला हॅम्बर्गर खाल्ला, मग पोटात अस्वस्थ वाटू लागलं आणि दोष कांद्याला दिला. रात्री छातीत दुखू लागल्यावर त्यांचे डॉक्टर स्नायडर आले. सकाळी पत्रकारांना सांगितलं गेलं की अध्यक्षांना पचनाची तक्रार आहे. ईसीजी निघाला दुसऱ्या दिवशी दुपारी! स्नायडरना रात्रीच खरं कळलं होतं की तेही कांद्याच्याच मागे होते, यावर इतिहासकारांत अजून भांडण आहे. मला विचाराल तर, दुपारपर्यंत ईसीजी न काढणारा डॉक्टर कांद्याच्याच मागे असणार. जगातल्या सर्वांत ताकदवान माणसाजवळ त्याचा स्वतःचा डॉक्टर होता आणि आमच्या काकांजवळ मी होतो, पण हिशेब तोच.

हंटर, हेरिकचा रुग्ण, आयझेनहॉवर, काका. सगळ्यांना पोटच का आठवावं? याचं उत्तर वायरिंगमध्ये आहे. आतल्या अवयवांच्या वेदना वाहणाऱ्या नसा मज्जारज्जूत शिरतात तेव्हा हृदयाच्या, अन्ननलिकेच्या, छातीच्या भिंतीच्या आणि हाताच्या आतल्या बाजूच्या तारा जवळजवळ त्याच मजल्यांवर येऊन मिळतात. मेंदूला एवढंच कळतं की या मजल्यावरून आरडाओरड येते आहे. कोणत्या खोलीतून ते कळत नाही, मग तो सवयीने अंदाज करतो. त्यात हृदयाचा खालचा भाग तर पडद्याला टेकून, जठराच्या अगदी वरच बसलेला. म्हणून हार्ट अटॅकमध्ये मळमळ, ढेकर, पोटाच्या वरच्या भागात दुखणं हे सगळं होऊ शकतं. ढेकर आली आणि बरं वाटलं यावरून काहीही सिद्ध होत नाही. ही एक ओळ मला तेव्हा माहीत असायला हवी होती.

आता उलट बाजू. प्रत्येक छातीदुखी म्हणजे हृदय नव्हे, हेही तितकंच खरं. आम्लपित्ताने खरोखरच छाती जळते, आडवं झालं की वाढते. फासळ्यांच्या कूर्चा सुजल्या तरी दुखतं, ते बहुधा एका बोटाने दाखवता येतं आणि दाबलं की वाढतं. अमेरिकन यादवीतल्या सैनिकांच्या छातीत दुखायचं, धडधडायचं, दम लागायचा, आणि तपासलं तर हृदय ठीक. फिलाडेल्फियाच्या डा कोस्टा यांनी १८७१ साली त्याला 'चिडखोर हृदय' म्हटलं. त्यातलं बरंचसं आज आपण भीतीचा किंवा ताणाचा झटका म्हणून ओळखू. रिलीजच्या आदल्या रात्री आमच्या टीममधल्या दोघांनी ते अनुभवलंय. याउलट काही कारणं हृदयाची नसूनही तितकीच घातक. फुप्फुसात गुठळी अडकणं (लांबच्या विमानप्रवासानंतर किंवा ऑपरेशननंतर एक पाय सुजला, दुखला आणि मग अचानक दम लागला तर हे आठवा), किंवा महाधमनीचा पदर फाटणं, ज्यात फाडून टाकणारी कळ एकदम छातीत किंवा पाठीत येते. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज १७६० मध्ये सकाळी शौचकुपात कोसळला तो यानेच.

मग घरी बसून ओळखायचं कसं? ओळखायचं नाहीच, ते आपलं काम नव्हे. आपलं काम एवढंच की कधी निघायचं ते ठरवायचं. मी माझ्यापुरतं ठरवलेलं सांगतो. छातीत दाब, आवळल्यासारखं, जड दगड ठेवल्यासारखं वाटतंय आणि ते काही मिनिटांत जात नाही किंवा जाऊन परत येतंय. हात, जबडा, मान, पाठीकडे पसरतंय. सोबत गार घाम, दम, मळमळ, चक्कर. यातलं काही असेल तर १०८ ला फोन. स्वतः गाडी चालवत जायचं नाही, वाटेत काही झालं तर आणखी दोघांना घेऊन जाल. सकाळपर्यंत थांबायचं नाही आणि पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणूनही थांबायचं नाही. ॲस्पिरिन चावून खायची का ते फोनवरच्या डॉक्टरला विचारून. ॲलर्जी असेल, रक्तस्राव होत असेल, किंवा वरचा तो महाधमनीचा प्रकार असेल तर ती अंगाशी येते.

आणि सिनेमातल्या बापासारखं छाती पकडून कोणी कोसळेल अशी वाट बघू नका. मधुमेह्यांत कधी कधी वेदना फार कमी असते. बायकांच्या बाबतीत तर इतिहासच वाकडा आहे. हेबर्डननी आयुष्यभरात असे शंभरेक रुग्ण पाहिले, त्यात बायका फक्त तीन. तिथपासून हा पुरुषांचा रोग असं जे डोक्यात बसलं, ते १९९१ मध्ये बर्नाडीन हीली या हृदयरोगतज्ज्ञ बाईंना अग्रलेख लिहून झोडपावं लागलं. बायकांनाही छातीतच दुखतं, पण दम लागणं, मळमळ, जबडा-पाठ दुखणं, विलक्षण थकवा हे जास्त वेळा सोबत असतं. घरच्या बाईच्या थकव्याला आपल्याकडे लक्षण मानतच नाहीत.

घाई कशासाठी, तर १९७७ मध्ये रायमर आणि जेनिंग्ज यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं की धमनी बंद झाली की स्नायू एकदम मरत नाही. तो आतल्या थराकडून बाहेर, लाटेसारखा, काही तासांत मरत जातो. १९८० मध्ये अमेरिकेतल्या डीवुड यांनी झटका आलेल्या रुग्णांची लगेच अँजिओग्राफी केली. पहिल्या चार तासांत आलेल्यांपैकी ८७ टक्के लोकांची धमनी पूर्ण बंद. म्हणजे गुठळी हेच कारण, आणि ती काढली तर उरलेला स्नायू वाचतो. मग १९८८ चा आयसिस-२ हा प्रयोग, १७,१८७ रुग्णांवरचा. ॲस्पिरिनने मृत्यू २३ टक्क्यांनी घटले, गुठळी विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजने २५, दोन्ही मिळून ४२. संपादकांनी रुग्णांचे छोटे छोटे गट पाडून आकडे मागितले, तेव्हा संशोधकांनी वैतागून राशींनुसारही गट पाडून दाखवले. मिथुन आणि तूळवाल्यांना ॲस्पिरिन लागूच पडत नाही असं निघालं! आकडे हवे तेवढे कापत गेलं की असलं काहीही हाती लागतं, हे त्यांना दाखवायचं होतं. काकांची रास तूळ आहे. त्यांना हे अजून सांगितलेलं नाही.

बेलफास्टच्या फ्रँक पॅन्ट्रिज यांना तर यापेक्षाही साधी गोष्ट दिसली होती. बहुतेक लोक पहिल्या तासाभरातच मरतात, म्हणजे इस्पितळात पोचण्याआधी. मग त्यांनी १९६६ पासून विजेचा झटका देणारं यंत्र रुग्णवाहिकेतून रुग्णाच्या दारात न्यायला सुरुवात केली. पहिलं यंत्र मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालायचं आणि वजन ७० किलो. महाराष्ट्रात १०८ ची सेवा सुरू झाली २०१४ मध्ये. म्हणजे त्या मुंजीच्या दिवशी ती होती. आमच्यातल्या कोणाला आठवली नाही, एवढंच.

काकांच्या खिशात आता जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची डबी असते. तिची पूर्वज म्हणजे नायट्रोग्लिसरीन, तेच ते सुरुंगातलं. लंडनच्या विल्यम मरेल यांनी त्याच्या बाटलीचं ओलं बूच सहज जिभेला लावलं, रुग्ण तपासायला घेतला आणि पाच-सहा प्रश्न विचारून होईतो डोक्यात घणाचे घाव पडू लागले. त्यावरून पुढे त्यांनी १८७९ मध्ये हे औषध अँजायनावर देऊन दाखवलं. डायनामाइटवाल्या आल्फ्रेड नोबेललाही शेवटी डॉक्टरांनी तेच लिहून दिलं, आणि हा नशिबाचा खेळ त्याने पत्रात लिहूनही ठेवला. तर या गोळ्या ज्याच्या त्याला, डॉक्टरांनी दिल्या तरच. रक्तदाब आधीच कमी असेल, किंवा व्हायग्रासारखं औषध घेतलं असेल, तर शेजाऱ्याने प्रेमाने दिलेली गोळी भलतीच महागात पडते.

गेल्या महिन्यात एका रात्री दीड वाजता मलाच छातीत दाब जाणवला. घाम नव्हता, हात दुखत नव्हता, संध्याकाळी मिसळ खाल्ली होती. अर्धं मन म्हणालं, झोप. उरलेल्या अर्ध्या मनाने १०८ लावला. ईसीजी नॉर्मल. तरी सोडलं नाही, पहिला ईसीजी नॉर्मल असून चालत नाही म्हणून काही तासांच्या अंतराने ट्रोपोनिनची रक्ततपासणी दोनदा केली. तीही नॉर्मल. निघालं आम्लपित्त. सकाळी सातला, थोडा ओशाळून, काकांना फोन केला.

सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "दोन्ही रिपोर्ट हातात आले ना? मग आता घे इनो."